पोर्टकाका

प्रत्येक सोसायटीत एक तरी घर असं असतं, जिथे पाहुण्याने वायफायचा पासवर्ड मागितला की चहा थंड होतो. बाकीच्या घरांत हा प्रश्न स्वयंपाकघरातूनच सुटतो. आतून कुणीतरी ओरडतं, "जुन्या लँडलाइनचा नंबर टाका, पुढे साई!" आणि विषय संपतो. आमच्या मजल्यावरच्या पोर्टकाकांकडे मात्र अर्ज करावा लागतो. तोंडी चालतो, पण अर्जच.

मागे त्यांच्या मुलीचे सासरे मुक्कामाला आले होते. त्यांनी बिचाऱ्यांनी सहज पासवर्ड विचारला. काका म्हणाले, "देतो की. आधी मॅक ॲड्रेस सांगा." व्याही सरळमार्गी माणूस, त्यांनी बोरिवलीचा पत्ता पिनकोडासकट सांगितला. काकांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, कारण व्याह्यांना मध्येच तोडायचं नाही एवढी रीत त्यांना कळते. मग "जरा बघू" म्हणून त्यांचा फोन घेतला, सेटिंगांच्या पोटात शिरले आणि तिथला बारा अक्षरी पत्ता शोधून लाल कापडी पाठीच्या लांबट रजिस्टरात उतरवला. नाव, नातं, उपकरण, पत्ता, दाखल तारीख, शेरा असे रकाने आहेत. व्याह्यांच्या शेऱ्यात लिहिलं, 'रविवारपर्यंत.' व्याह्यांनी ते चष्म्यावरून वाचलं आणि शनिवारीच निघाले.

काकांचं खरं नाव सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर असेल. संगणकाला ६५,५३५ पोर्ट असतात आणि त्यांतलं एकही बाहेरच्यासाठी उघडं ठेवायचं कारण नाही, असं त्यांनी एकदा गणपतीच्या मांडवात आरतीच्या आधी बजावून सांगितलं, तेव्हापासून ते पोर्टकाका झाले. नाव त्यांना आवडलं असावं. निदान त्यांनी ते ब्लॉक केलं नाही.

माणूस किडकिडीत, ताठ, पांढरा अर्धा शर्ट, खिशाला टेस्टर. घरात फायबर आलं तरी टेस्टर खिशातून गेला नाही. काचेच्या तारेत करंट नसतो हे त्यांना अर्थात माहीत आहे. सगळी नोकरी वीज मंडळात झाली, त्यातलीही बरीचशी पडघ्याच्या ४०० केव्ही उपकेंद्रात, प्रोटेक्शन विभागात. हे खातं फार कमी लोकांना ठाऊक असतं. तिथे रिले नावाच्या यंत्रांची देखभाल चालते. रिलेने वर्षानुवर्षं काहीच करायचं नसतं, नुसतं लाइनवर लक्ष ठेवून बसायचं. दोष आला की मात्र सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात ब्रेकर उघडायचा हुकूम द्यायचा. तेव्हा तो दिला नाही तर ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि काही घडलेलं नसताना दिला तर गावंच्या गावं अंधारात जातात, साहेबांचा फोन येतो, लेखी खुलासा द्यावा लागतो. काकांच्या उभ्या नोकरीत त्यांच्या हाताखालचा रिले उगाच ट्रिप झाला नाही, असं मंडळातले जुने लोक अजून सांगतात.

निवृत्तीनंतर मात्र काका स्वतःच रिले झाले, आणि उगाच ट्रिप होऊ लागले. "पडघ्याला असे वागला असतात ना," काकू म्हणतात, "तर निम्मी मुंबई मेणबत्त्या लावून बसली असती."

मुळात काकांना इंटरनेटचं वेड कधीच नव्हतं, आजही नाही. ते नेटवर पंचांग बघतात, हवामान बघतात आणि कल्याणहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा बघतात. यातलं काहीही चोरून कुणाचं भलं होणार नाही. त्यांचा जीव अडकलाय तो नेट घरात शिरतं त्या उंबरठ्यापाशी. तिथे काय लावलंय, त्याचे किती दिवे लागलेत, त्यातून काय आत येतंय आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय बाहेर जातंय.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला देशात सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. काकांकडे ते आलं त्यानंतर काही वर्षांनी, टेलिफोनच्या तारेवरून. तो मोडेम जोडणी करताना जे किंचाळायचा आणि खरखरायचा, ते ऐकून घरातले कानांवर हात ठेवत, काका मात्र डोळे मिटून ऐकत आणि आवाज थांबायच्या आत सांगत, "तेहेतीस पॉइंट सहा. छप्पन लागली नाही. लाइनवर नॉइज आहे." मग स्क्रीनवर तोच आकडा उमटायचा. सगळ्या सोसायटीत ही विद्या असलेला तो एकटा माणूस होता, आणि तिचा कुणालाच काही उपयोग नव्हता. जोडणी चालू असताना फोन लागत नसे, आणि घरातल्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर कुणी उचलला तर जोडणी तुटत असे. काकूंच्या बहिणीचा फोन रोज रात्री नऊला यायचा. तो एंगेज लागायला लागल्यावर बहीण एका रविवारी स्वतःच आली आणि तीन दिवस राहिली. तेव्हापासून नऊ ते दहा मोडेमची वायर काढलेली असे. काकांच्या जाळ्यावर काकूंनी घातलेला तो पहिला नियम.

भीती शिरली ती ऑगस्ट २००३मध्ये. ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. त्याला कुणी ईमेल उघडायची गरज नव्हती. विंडोजच्या १३५ नंबरच्या पोर्टमधून तो आपसूक आत येई आणि पुष्कळदा संगणक साठ सेकंदांची उलटी गिनती दाखवून बंद पडे. काकांच्या डोळ्यांदेखत साठाचे शून्य झाले, एकदा नव्हे, जोडणी केली की दर वेळी. उगाच होणारं ट्रिपिंग! त्यांनी कारण शोधलं तेव्हा कळलं की विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल पहिल्यापासून होती, पण कारखान्यातून बंद अवस्थेत आली होती. (ती मुळातच चालू ठेवून द्यायला कंपनीने पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडू दिला.) यावर काका जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, की संरक्षणाचं यंत्र बसवून त्याचं स्विच बंद ठेवणाऱ्याला वीज मंडळात काय म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

मग झोनअलार्म आली. ही फुकटात मिळणारी फायरवॉल प्रत्येक गोष्टीला परवानगी मागायची. अमुक प्रोग्रॅमला इंटरनेटवर जायचंय, जाऊ द्यायचं की नाही? तुम्ही-आम्ही 'हो' दाबून मोकळे होतो. काका खुर्ची पुढे ओढायचे. आयुष्यात इतक्या अदबीने त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. छपाईच्या प्रोग्रॅमने परवानगी मागितली. "छपाईला बाहेर काय काम?" नाकारली. मग 'जेनेरिक होस्ट प्रोसेस' अशा मोघम नावाच्या कुणीतरी मागितली. "ना नाव ना गाव. असल्याला मी सोडणार?" नाकारली, आणि कायमची. आता विंडोजची निम्मी कामं या मोघम माणसाच्या हातून होतात. नावावरून पत्ता शोधणंसुद्धा त्याच्याकडेच. नेट तत्क्षणी ठप्प झालं. काका दोन दिवस समाधानात होते, की हल्ला परतवला.

२००५च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा काकांना दुसरी तरुणाई लाभली. वेग २५६ केबीपीएस, तरी तेव्हा तो वेग वाटायचा. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जात नसे, म्हणून काका दोनचा गजर लावून उठत. उठून उतरवत काय? तर फायरवॉलचे अपडेट. मोडेमच्या सेटिंगमध्ये शून्य आणि पस्तीस असे दोन आकडे भरावे लागत. ते त्यांना अजून पाठ आहेत, आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगतात. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत सगळी इमारत काळोखात असायची आणि काकांच्या खिडकीत मोडेमचे चार हिरवे दिवे बॅटरीवर लुकलुकत असायचे. वीज मंडळाच्या माणसाने मंडळावर दाखवलेला हा एवढा अविश्वास मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

याच काळात त्यांनी मोडेमला ब्रिज मोडमध्ये टाकलं, म्हणजे त्याला नुसता दुभाषा करून ठेवलं आणि दाराची राखण आपल्या स्वतःच्या राऊटरकडे दिली. आणि राऊटरला लॉग असतो हा शोध लागला. बाहेरून कोण कुठलं पोर्ट ठोठावून गेलं त्याची तारीखवार नोंद! काका सकाळी पेपरच्या आधी लॉग वाचू लागले. ठोठावणारे असतातच, इंटरनेटवरच्या प्रत्येक उघड्या पत्त्यावर यंत्रं चोवीस तास टकटक करत हिंडतात, त्यात कुणाचं कुणाशी वैर नसतं. पण काकांनी प्रत्येक टकटक मनावर घेतली. जिन्यात भेटले की खालच्या आवाजात म्हणायचे, "काल रात्री रोमानिया येऊन गेला."

धाकटा मुलगा हिंजवडीला नेटवर्क सिक्युरिटीतच आहे. मोठमोठ्या बँकांच्या फायरवॉली सांभाळतो. काका एकदा त्याच्या फ्लॅटवर गेले तर तिथे कंपनीने दिलेला राऊटर जसाच्या तसा, पासवर्डसुद्धा डब्याच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवरचा. "दिवसभर तेच करतो, बाबा," मुलगा म्हणाला, "घरी नको वाटतं." काकांनी तिथे पाणी प्यायलं, पण मोबाइल डेटावरच राहिले.

कल्याणच्या घरी नियमांची यादी आहे. फायरवॉलचे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तो अंतिम, हे तत्त्व काकांनी सुनेला, नातवाला, दूधवाल्यालासुद्धा समजावलेलं आहे. पहिल्या क्रमांकावर काकूंचा टॅब आहे: सर्वत्र, सर्वकाळ, मुभा. त्याच्या खाली बाकीचं जग. नातवाच्या गेमला संध्याकाळी सहा ते सात. दिवाळीत आणलेला बोलका स्पीकर 'स्थानबद्ध' या शेऱ्याखाली आहे. तो घरात राहू शकतो, पण बाहेर काही बोलू शकत नाही, त्यामुळे विचारलं की "मी जोडलेला नाही" एवढंच सांगतो. त्याच्या या उत्तराने काका सुखावतात.

मॅक ॲड्रेसचं ते रजिस्टर अनेक वर्षं बिनचूक चाललं. मग २०१९-२०च्या सुमारास फोनवाल्यांनी, माणसाची पाळत कुणी ठेवू नये म्हणून, एक युक्ती काढली: फोन आपला खरा पत्ता सांगतच नाही, दर नेटवर्कला वेगळा बनावट पत्ता देतो. काकांना हे आडवळणाने कळलं. सुरक्षेसाठी नेटवर्कचं नाव बदलत राहावं असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि एका सकाळी बदललं. नाव बदललं म्हणजे फोनांच्या लेखी नेटवर्क नवं, आणि नव्या नेटवर्कला पत्ता नवा. दुपारपर्यंत घरातला एकही फोन रजिस्टरशी जुळेना. सून अनोळखी, नातू अनोळखी, स्वतः काका अनोळखी. दुसऱ्या कुणी वही माळ्यावर टाकली असती. काकांनी पट्टी घेऊन नवा रकाना आखला: 'सांगितलेला पत्ता.'

आणि मग तो मंगळवार. सून घरून काम करते, आणि त्या दिवशी तिची वार्षिक मूल्यमापनाची मीटिंग होती. सकाळी काका नियमांची फेरमांडणी करत होते. सगळ्यात शेवटी एक नियम असतो: वरच्या कशातच न बसणारं जे जे, ते नाकारा. हा शेवटचा नियम सरकवताना तो सगळ्यात वर गेला आणि काकांनी 'सेव्ह' दाबलं. क्षणात घर गप्प झालं. टीव्हीवरचे कीर्तनकार हात वर केलेल्या अवस्थेत थिजले. सून खोलीतून "बाबा" म्हणाली. एकदाच, पण ज्या पट्टीत म्हणाली ती मला भिंतीपलीकडून कळली. काका म्हणाले, "एक मिनिट, पूर्ववत करतो." पण पूर्ववत करायला राऊटरमध्ये शिरावं लागतं, आणि राऊटर आता कुणालाच आत घेत नव्हता. पहिला नियम पहिला लागू पडतो. तो काकांनाही लागू पडला होता.

यावर उपाय एकच. राऊटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, त्यात टोकदार काहीतरी खुपसून दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. टेस्टर जाड पडला. काकूंनी पदराची पिन काढून दिली आणि बाजूला उभ्या राहून मोठ्याने अंक मोजले. पंधराव्या अंकाला काकांचे इतक्या वर्षांचे सगळे नियम पुसले गेले आणि राऊटर कारखान्यातून आला तसा निरागस झाला: नाव ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. सुनेची मीटिंग तोवर शेजारच्या, म्हणजे आमच्या, वायफायवर सुरू झाली होती. तिने पासवर्ड मागितला, बायकोने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितला. काकांनी दारात उभं राहून तो ऐकला. त्यांना वेदना झाल्या. नियम गेल्याच्या झाल्या असतील म्हणा, पण मला वाटतं आमच्या पासवर्डच्या जास्त झाल्या.

फायबर आल्यावर निराळंच दुःख उभं राहिलं. जोडणीवाला पोरगा पिवळी बारीक तार भिंतीतून आत घेऊन डबा लावून गेला, काकांनी त्यामागे आपला राऊटर लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॉग उघडला. कोरा. तिसऱ्या दिवशी कोरा. रोमानिया नाही, कुणी नाही. आधी त्यांना वाटलं आपली मांडणीच इतकी पक्की झाली. पण मुरलेला रिले टेस्टर होता तो. मीटरचा काटा अजिबात हलत नसेल तर आधी मीटर तपासावा, हे अंगात भिनलेलं. तपासल्यावर दिसलं, की आपल्या घराचा म्हणून जो बाहेरचा पत्ता समजत होतो तो १००.७० वगैरेने सुरू होतो. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी २०१२मध्येच राखून ठेवलाय. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात अवघे ४२९ कोटी. ते पुरेनात म्हणून कंपनी पुष्कळ घरं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे कोंबते. म्हणजे काकांच्या दारापर्यंत बाहेरून आपणहून कुणी पोचूच शकत नव्हतं. त्यांची तटबंदी कंपनीच्या आवारातल्या आतल्या बोळात उभी होती.

ते आठ दिवस वाईट गेले. काका रजिस्टर उघडत नव्हते. जिन्यात भेटले तर नुसते "चाललंय" म्हणत. काकू मला म्हणाल्या, "अहो, तुम्ही तरी काहीतरी चोरायला या."

त्यांना त्यातून काढलं आयपीव्ही६ने. नव्या पद्धतीच्या पत्त्यांना तोटाच नाही. जगातल्या सगळ्या जुन्या पत्त्यांहून जास्त पत्ते एकेका घराला वाटले जातात, त्यामुळे आडोशाची गरज उरत नाही आणि घरातलं प्रत्येक उपकरण, अगदी तो स्थानबद्ध स्पीकरही, थेट जगाच्या पत्त्यावर येतो. मध्ये उभी असते ती फक्त फायरवॉल. काकांनी हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, तरी ते आमच्याकडे आले. चेहरा उजळलेला. "आपण उघडे आहोत!" म्हणाले.

काकांचं चुकतं असं मात्र समजू नका. सोसायटीच्या कॅमेऱ्यांचंच बघा. सेक्रेटरींना गावाहून पार्किंग बघता यावं म्हणून कार्यालयाच्या जोडणीला जादा पैसे भरून कायमचा पत्ता घेतलेला, कॅमेऱ्यांच्या डब्याचं पोर्ट बाहेर उघडलेलं, आणि पासवर्ड कारखान्याचा. काकांनी हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत काढला. पाण्याचे टँकर, लिफ्टचं वार्षिक कंत्राट आणि ओल्या कचऱ्याचा डबा यानंतर, ऐनवेळच्या विषयांत, तेव्हा निम्मे सभासद चपला शोधत होते.

"आपलं पार्किंग बघायला कोण परदेशातून येणार, काका?" सेक्रेटरी म्हणाले. सभा हसली. काकांनी शांतपणे सांगितलं, की कुणाला तुमचं पार्किंग बघायचं नसतं, तुमचं यंत्र हवं असतं. २०१६मध्ये मिराई नावाच्या किड्याने हेच केलं: कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर एकेक करून फितवले आणि ती सगळी फौज एकदम एका कंपनीवर सोडली. त्या ऑक्टोबरात अमेरिकेत कित्येक तास ट्विटर आणि नेटफ्लिक्ससुद्धा धड उघडेनात. सभेला अमेरिकेची दया आली नाही.

तेव्हा काकांनी टेस्टरच्या शेजारून मोबाइल काढला, वायफाय बंद केलं, डेटा चालू केला, एक पत्ता टाकला, डब्याच्या स्टिकरवरचे दोन शब्द टाकले आणि फोन अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. पडद्यावर आपलं पार्किंग, चार चौकटींत, या क्षणाचं. अध्यक्ष वाकले, सेक्रेटरी वाकले. सभा थबकली. आता जरब बसणार असं मला वाटलं, तेवढ्यात बी विंगच्या एका वहिनींनी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

"ही खजिनदारांची गाडी ना? पाहुण्यांच्या जागेत?"

पुढचा तास मी वर्णन करत नाही. सुरक्षेचं काकांनी पुन्हा दोनदा काढून पाहिलं, पण सभा तोवर मागच्या तीन वर्षांचं रेकॉर्डिंग मागत होती. शेवटी इतिवृत्तात दोन ठराव नोंदले गेले. एक, खजिनदारांनी गाडी हलवावी. दोन, पोर्टकाकांच्या सूचनेनुसार कॅमेऱ्यांचा पासवर्ड तातडीने बदलावा.

दुसरा ठराव आठवड्याच्या आत अमलात आला, हे आमच्या सोसायटीत नवलच. नवा पासवर्ड चांगला लांबलचक आहे, अंक आहेत, चिन्हं आहेत. सभासदांच्या माहितीसाठी सेक्रेटरींनी तो ठळक अक्षरांत छापून लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लावलाय. काका सध्या मुलीकडे बोरिवलीला गेलेत, रविवारपर्यंत. लॉबीतला कॅमेरा नेमका त्या बोर्डाकडे तोंड करून आहे, हे त्यांना फोनवर सांगावं की आल्यावर, याचा मी आणि काकू विचार करतोय.